बोलका कारागीर कोठें शोधावा?

२७ जानेवारी २०२४ रोजीं आमच्या कोराडीच्या श्रीजगदंबेच्या देवळाच्या आवारांत जी गर्दी लोटली होती तींत आमच्या घरचीं सात माणसें होतीं. अयोध्येंतील राममंदिराची प्राणप्रतिष्ठा होऊन पांचच दिवस झाले होते, आणि त्या निमित्तानें नागपूरचे सुप्रसिद्ध बल्लवाचार्य श्री. विष्णु मनोहर हे येथें सहा हजार किलो रामहलवा एकाच कढईंत सिद्ध करणार होते. मी गर्दीला भिणारा माणूस. एका खांबाच्या आडोशाला उभा राहिलों. परंतु आमच्या थोरल्या वहिनी, ज्यांचें वय पंचाहत्तरीच्या पलीकडे गेलें आहे, त्या काठी टेकीत पार पुढें गेल्या आणि परत येऊन मोठ्या समाधानानें म्हणाल्या, “पडद्यावर दिसतात तस्सेच आहेत हो, भाऊजी! हात तोच.”

चेहरा तोच आहे असें कोणीही म्हणेल. वहिनींनीं हात ओळखला. महाभारताच्या वनपर्वांत दमयंतीनें नलाला असेंच ओळखलें आहे. रूप पालटलेला नल बाहुक या नांवानें ऋतुपर्णाचा सारथि होऊन कुंडिनपुरास आला, तेव्हां केशिनी नांवाच्या दासीकडून त्यानें रांधलेलें मांस मागवून दमयंतीनें चाखलें आणि चवीवरून तिची खात्री पटूं लागली. (आमच्या पंक्तीला हा पदार्थ चालावयाचा नाहीं, पण व्यासांनीं लिहिलें तें लिहिलें.) राजाचें सर्व कांहीं गेलें तरी हातचें कसब गेलें नव्हतें आणि ओळख पटविण्यास तेंच उपयोगीं पडलें.

सहा हजार किलो हलवा म्हणजे घरच्या शिऱ्याचें प्रमाण कांहीं हजारांनीं गुणिलें कीं झालें, अशी माझी भोळी समजूत होती. त्या दिवशीं खांबाशीं उभा राहून विचार करूं लागलों तेव्हां माझ्याच भूमितीच्या तासाची मला आठवण झाली. भांड्याची लांबी, रुंदी व उंची दसपट केली तर त्याचा पृष्ठभाग शंभरपट होतो, पण आंतील माल हजारपट होतो. म्हणजे उष्णता सांठते पुष्कळ आणि बाहेर पडावयास वाट त्या मानानें थोडी. घरच्या कढईखालचा जाळ बंद केला कीं रवा लवकरच निवतो. मोठ्या कढईंतला रवा जाळ काढल्यावरही आपल्याच उष्णतेनें भाजत राहतो, आणि ज्याला हें ठाऊक नाहीं त्याचा सारा माल पांच मिनिटांत करपतो. वाफ होऊन जाणारें पाणीही त्याच मानानें कमी, म्हणून पाण्याचें घरगुती प्रमाण तेथें चालत नाहीं. शिवाय तळ खरवडीत राहिलें पाहिजे, आणि तो कोठें लागूं पाहत आहे हें लांबलचक झाऱ्याच्या टोंकाकडून हाताला कळलें पाहिजे. हें ज्ञान कोणत्याही पुस्तकांत लिहिलेलें मीं पाहिलेलें नाहीं. श्री. मनोहर यांनीं २०१८ सालीं नागपुरांत तीन हजार किलो खिचडी व जळगांवास अडीच हजार किलो वांग्याचें भरीत केलें, त्यापूर्वीं २०१७ च्या एप्रिलांत पन्नास तासांहून अधिक काळ सलग स्वयंपाक करण्याचा विक्रम नागपुरांतच केला. असल्या विक्रमांविषयीं मला फारसें अगत्य नाहीं हें प्रांजळपणें सांगतों. परंतु हा गृहस्थ धंद्यानें स्वयंपाकी आहे, कॅमेऱ्यासमोर नुसता झारा हलविणारा नट नव्हे, याची साक्ष त्यांतून मिळते एवढें खास.

आणि माझ्या आजच्या विषयाला हीच गोष्ट कारण झाली. ‘ई टीव्ही मराठी’ ही वाहिनी २००० सालीं निघाली व २०१५ पासून तिचें नांव ‘कलर्स मराठी’ झालें. तिच्यावरील ‘मेजवानी’ या कार्यक्रमानें श्री. मनोहर यांना महाराष्ट्राच्या माजघरांत पोंचविलें. धंदेवाईक कारागीरच कार्यक्रमाचा यजमान, असा हा योग आपल्याकडे फार दुर्मिळ आहे. बहुधा यजमान बोलका असतो आणि कारागीर त्याच्याकडे पाहुणा म्हणून येतो. झी मराठीवरील ‘आम्ही सारे खवय्ये’ हें त्याचें चांगलें उदाहरण. तेथें यजमानपद श्री. प्रशांत दामले यांच्यासारख्या कसलेल्या नटाकडे होतें आणि रांधावयास गृहिणी येत. तो कार्यक्रम आमच्या घरीं आवडीनें पाहिला जाई. मीही पाहत असें. परंतु हंसत खेळत पाहिल्यावर त्यांतील किती पदार्थ आमच्या चुलीवर चढले हें विचाराल तर वहिनी बोटावर मोजून दाखवितील.

आपल्याकडे छापील पाकशास्त्राची परंपरा मोठी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचें, लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचें, आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. कमलाबाईंनीं वाटी-चमच्याचें माप देऊन नवशिक्या सुनांवर केवढे उपकार करून ठेवले आहेत! तथापि ‘रवा तांबूस होईपर्यंत भाजावा’ असें पुस्तकांत वाचलें तरी तांबूस म्हणजे नेमका किती तांबूस? येथें पुस्तक हात टेकतें. दूरचित्रवाणी रंग दाखविते, पण तिलाही वास दाखवितां येत नाहीं, आणि झाऱ्याखालीं रवा हलका होऊन वाळूसारखा सरसरूं लागला हें हाताला जें कळतें तें तिला कळवितां येत नाहीं. जो स्वयंपाकी हा वास आणि ही सरसर शब्दांत उतरवितो, आणि तीही हातांतलें काम न थांबवितां, तोच तेथें यजमान होण्यास लायक. बोलण्यासाठीं काम थांबविलें तर रवा करपतो. कामासाठीं बोलणें थांबविलें तर पाहणाऱ्याचा उपयोग सरतो.

असा माणूस शोधावा कोठें? या बाबतींत परदेशांतील एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. अमेरिकेंत बॉस्टन शहरीं रसेल मोराश या नांवाचे एक निर्माते होते. ते २०२४ सालीं वारले. ज्यूलिया चाइल्ड या बाईंचा फ्रेंच पाकक्रियेचा कार्यक्रम १९६३ पासून त्यांनींच काढला. त्या बाई तरी कशा सांपडल्या? १९६२ सालीं पुस्तकपरिचयाच्या एका कार्यक्रमाला त्या गेल्या त्या विजेची शेगडी व अंडीं बरोबर घेऊनच, आणि पुस्तकाविषयीं बोलतां बोलतां त्यांनीं ऑम्लेट करून दाखविलें. तें पाहून प्रेक्षकांचीं पत्रें आलीं, व त्यांतून पुढची मालिका जन्मास आली. परंतु मला अधिक आवडते ती सुताराची गोष्ट. मोराश यांनीं आपल्या घराच्या आवारांत एक कार्यशाळा बांधावयास घेतली होती. त्या कामावर नॉर्म एब्राम नांवाचा एक तरुण सुतार होता. मोराश यांच्या लक्षांत आलें कीं, याच्या कामाच्या जागीं लांकडाच्या तुकड्यांचा ढीग फारच लहान असतो. ज्याचें माप चुकत नाहीं त्याचें लांकूड वायां जात नाहीं. १९७९ सालीं जुन्या घरांच्या दुरुस्तीची जी मालिका निघाली तींत हा सुतार दाखल झाला, आणि १९८९ पासून वीस वर्षें त्याची स्वतःची सुतारकामाची मालिका चालली. कॅमेऱ्यासमोर उभें करून ‘बोल पाहूं’ असें म्हणून त्याची परीक्षा घेतली असती तर तो उतरला असता कीं नाहीं, देव जाणे. परीक्षा झाली ती केराच्या ढिगावरून.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम त्यावर वर्षानुवर्षें चालला, आणि त्याच्याही आधीं, २६ जानेवारी १९६७ पासून, दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी खेड्यांसाठीं ‘कृषिदर्शन’ सुरू झालें होतें. शेतीचें महत्त्व सरकारला पटलें होतें तें योग्यच होतें. परंतु सुतार, गवंडी, नळकाम करणारा, वीजकाम करणारा, शिंपी यांतला कोणी आपल्या घराघरांत यजमान म्हणून आला आणि आपण त्याचें नांव ‘मेजवानी’कारांप्रमाणें घेऊं लागलों, असें मला तरी आठवत नाहीं. स्वयंपाक्याला तो मान प्रथम मिळाला. १९९३ सालीं ‘झी’वर ‘खाना खज़ाना’ निघाला तेव्हां संजीव कपूर हे मुंबईस जुहूच्या सेंटॉर हॉटेलांत मुख्य बल्लव होते. २०१७ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. बल्लवाला पद्मश्री! माझ्या वडिलांच्या काळीं लग्नाच्या आचाऱ्याला सोंवळें नेसवून चुलीपुढें बसवीत, त्याच्या हातचें सारे मिटक्या मारीत खात, परंतु त्याच्या मुलाला आपली मुलगी द्यावयाची वेळ आली कीं पंचांग काढून बसत.

येथवर मीं दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आतां माझी एक चूक सांगतों.

२०२२ च्या उन्हाळ्यांत नागपूरहून तीन तरुण माझा पत्ता शोधीत घरीं आले. घरगुती दुरुस्त्यांवर तेरा भागांची एक मालिका काढावयाची त्यांची इच्छा होती: गळका नळ, बिघडलेला पंखा, फुगलेलें दार, भिंतीची ओल. एका लहानशा स्थानिक वाहिनीनें त्यांना तोंडी होकार दिला होता. त्यांस यजमान पाहिजे होता, आणि तो खरोखरीचा कारागीर पाहिजे होता. कोराडीला विजेचें मोठें केंद्र, तेव्हां येथें फिटर, वेल्डर, वीजतंत्री यांचा सुकाळ. आणि अर्धें गांव माझें विद्यार्थी. म्हणून ते माझ्याकडे आले. त्यांचा विचार खरोखर शहाणपणाचा होता. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों तें १९७४ साल, आणि त्याच सालीं येथल्या वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. तेव्हांपासून या गांवांत पाना न धरलेला हात शोधावा लागतो. आमचें घर त्यांपैकीं एक.

मीं तत्काळ नांव सुचविलें. माझा एक जुना विद्यार्थी, वक्तृत्वस्पर्धेंत तीन वर्षें पहिला आलेला, आतां नळसामानाचें दुकान चालवितो. वाणी अशी कीं ऐकत राहावें. चित्रीकरण आमच्याच मागच्या अंगणांत ठरलें, कारण आमच्या न्हाणीघराचा नळ गळत होता. गडी आला, केंस विंचरून, नवा सदरा घालून. पाण्याचें महत्त्व, थेंबाथेंबानें होणारा अपव्यय, पंचमहाभूतें, सर्व कांहीं सुरेख बोलला. मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटला. मग त्यानें पाना लावला. नळ उघडण्यापूर्वीं मुख्य कॉक बंद करावयाचा तो राहिला होता. पुढचें वर्णन करीत नाहीं. सामान विकणारा आणि सामान बसविणारा यांत फरक आहे, हें मला साठाव्या वर्षानंतर, ओल्या धोतरानिशीं, कळलें.

त्या तरुणांनीं मग स्वतःच चौकशी करून वीजकेंद्रांतून निवृत्त झालेल्या एका फिटरला आणलें. हाही माझाच विद्यार्थी, पण मला त्याचें नांव आठवेना, इतका तो मागच्या बांकावरचा. त्याचा हात पाहिला आणि मी थक्क झालों. कॉक बंद, नळ उघडून उरलेलें पाणी काढून टाकलें, वरचा भाग सोडविला, स्पिंडल उचलला, झिजलेला वायसर नखानें काढला, बसण्याची जागा अंगठ्यानें चांचपून पाहिली, नवा वायसर घातला, आटे बसले आहेत कीं नाहीं हें पान्यानें न पाहतां आधीं नुसत्या हातानें फिरवून पाहिलें, आणि शेवटीं पान्याचा एक हलकासा झटका. सारें चार मिनिटांत, आणि तोंडांतून एक अक्षर नाहीं. तरुण मंडळी म्हणालीं, “काका, आतां हेंच कॅमेऱ्याकडे बघून सांगा.” त्यानें कॅमेऱ्याकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहिलें, आणि म्हणाला, “गुरुजी, याच्यात सांगाचं काय आहे? पाहून घ्या नं.” पुन्हा सांगितलें, पुन्हा तेंच. तिसऱ्या वेळीं त्याच्या कपाळावर घाम आला. चाळीस वर्षांपूर्वीं फळ्यासमोर उभा केला असतां त्याची अशीच अवस्था मीं केली असली पाहिजे.

‘मालविकाग्निमित्रा’चा पहिला अंक मीं आयुष्यांत किती वेळां वाचला असेन याची गणती नाहीं. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद पडतो, व निवाडा करण्यास परिव्राजिका कौशिकी हिला बसवितात. तिचें म्हणणें असें कीं, एकाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायीं उत्तम असते, दुसऱ्याची हातोटी ती दुसऱ्यांत उतरविण्यांत असते; दोन्ही ज्याच्या ठायीं असतील त्यालाच शिक्षकांत अग्रस्थान द्यावें. आणि मग ती परीक्षा कशी ठरविते? आचार्यांना नाचावयास सांगत नाहीं. त्यांच्या शिष्या पुढें आणावयास सांगते. मालविका रंगावर येते ती त्यामुळें. हें सर्व मला मुखोद्गत होतें. तरी आमच्या अंगणांत तें मला सुचलें नाहीं. सुचलें तें वहिनींना, ज्यांनीं कालिदासाचें नांव तेवढें ऐकलें आहे. त्या ओसरीवरून म्हणाल्या, “अहो, भिंतीशीं कोणी बोलतें का? त्याच्याजवळ एखादें पोर बसवा शिकाऊ. तें चुकेल, मग बघा हा गप्प राहतो का.”

पोर जवळच होतें. माझ्या पुतण्याचा मुलगा, तेव्हां आठवीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, सकाळपासून तारांच्या वेटोळ्यांत घुटमळत होता. त्याच्या हातीं पाना दिला. त्यानें तो उलटा धरला. आणि काय सांगावें, त्या फिटरच्या तोंडाला जणू वाचा फुटली! “अबे, पाना दातात नाही, पोटात धर. वजन मनगटावर नको घेऊ, खांद्यावर घे. आता थांब. हाताला गच्च लागलं नं? मग बस. आणखी पिळलं तर वायसर कापते, अन् लोक म्हणतात वायसरच खराब निघाला.” पूर्वीं वायसराच्या जागीं चामड्याची चकती कशी कापून घालीत, सूत आणि सफेदा लावून आटे कसे बसवीत, आतां पांढरी टेप गुंडाळतात ती कोणत्या दिशेनें गुंडाळली तर सुटते, हें सारें बाहेर पडलें. डोळे नळावर, एक हात पोराच्या हातावर, आणि बोलणें अखंड. कॅमेऱ्याकडे त्यानें एकदांही पाहिलें नाहीं. पुढें आम्हांस कळलें कीं, केंद्रांत असतांना दरवर्षीं येणारे शिकाऊ उमेदवार त्याच्याच हाताखालीं देत असत. म्हणजे तो बोलका होताच. फक्त शिकणाऱ्याशीं बोलका होता. हें मीं आधीं विचारलें असतें तर दोन दिवस वांचले असते. कोणाची वाणी किती चालते एवढेंच मीं पाहिलें. याच्या हाताखालून किती जण तयार झाले, हा प्रश्न माझ्या शिक्षकी डोक्यांत आला नाहीं, याची अजून लाज वाटते.

त्या अमेरिकन सुताराच्या मालिकेंत तरी दुसरें काय होतें? जुन्या घरांच्या कार्यक्रमांत बॉब व्हीला नांवाचा यजमान विचारी आणि सुतार हातांतलें काम चालू ठेवून उत्तर देई. दहा वर्षें असें उत्तर देतां देतां तो स्वतःच्या पायावर उभा राहिला. इंग्लंडांत तर दूरचित्रवाणीचा जन्म होऊन तीन महिने झाले नव्हते तोंच, जानेवारी १९३७ मध्यें, बी. बी. सी. नें मार्सेल बूलेस्तें या फ्रेंच गृहस्थाला चुलीसमोर उभें केलें. लंडनांत त्याचें स्वतःचें भोजनगृह होतें. धंद्यांतला माणूस आणावा ही कल्पना म्हणजे कांहीं अलीकडचा शोध नव्हे.

आमच्या अंगणांतल्या त्या मालिकेचें पुढें फारसें झालें नाहीं. नळ, पंखा आणि दार असे तीन भाग निघाले. वाहिनीच्या मंडळींना ते दाखविले तेव्हां त्यांनीं, ‘माणूस समोर बघत नाहीं, भाषाही खेडवळ आहे, एखादी गोड आवाजाची मुलगी घ्या, आणि यांना मागें काम करूं द्या,’ असें सांगितलें. तरुणांनीं तें मानलें नाहीं. पैसाही संपला होता. मला त्या मंडळींचा राग आला, पण पहिल्या दिवशीं मींही वाणीच पाहून माणूस निवडला होता, तेव्हां तो राग मीं गिळला. भाषेचें म्हणाल तर, ‘वायसर कापते’ हें वाक्य व्याकरणानें शुद्ध करून पाहा. त्यांतला अर्धा दम निघून जातो. संस्कृताचा अभिमानी असूनही हें मी लिहीत आहें.

ते तीन भाग त्यांनीं आम्हांस उतरवून दिले. सूनबाईनें तिच्या मोबाइलांत ठेवले आहेत. तिनें त्यावरून स्वयंपाकघरांतला नळ स्वतः दुरुस्त केला, एकदां नव्हे दोनदां. पूर्वीं नळवाल्याची वाट पाहत आठ-आठ दिवस बादली लावून ठेवावी लागे. ‘आम्ही सारे खवय्ये’ पाहून जें झालें नाहीं तें येथें कां झालें, याचें उत्तर तिनेंच दिलें: “मामंजी, त्यांत आपला बाळ आधीं चुकतो ना, तें बघून धीर येतो.”

बाळ २०२४ सालीं दहावी झाला. गुण पुष्कळ पडले. विज्ञानशाखेला सहज प्रवेश मिळाला असता. त्यानें सांगितलें, “मला आय. टी. आय. ला जायचें आहे. फिटर.” दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी नीट जेवलें नाहीं. हलव्याच्या दिवशीं बल्लवाचार्यांना पाहावयास धांवलेलें हेंच तें घर, हें मी विसरूं शकलों नाहीं. पुतण्या म्हणाला, “आपल्या सात पिढ्यांत कोणी हातांत पाना घेतला नाहीं.” तें खरें होतें. त्याच्या आजोबांनीं तर घरांत खिळा ठोकावयालासुद्धां गडी बोलाविला. दुसरे म्हणाले, आधीं पदविका करूं दे, तेंही तंत्रशिक्षणच आहे. कोणी लग्नाचा प्रश्न काढला. सोळा वर्षांच्या मुलाच्या लग्नाचा! मी बोलावें अशी सर्वांची अपेक्षा होती, कारण घरांतला वडील मी. आणि मला बोलतां येईना. चाळीस वर्षें ‘श्रमाचें महत्त्व’ या विषयावर मीं मुलांकडून निबंध लिहून घेतले, त्यांवर लाल शाईनें गुण दिले. आणि प्रश्न घरांत आला तेव्हां माझ्या मनांत पहिला विचार आला तो असा कीं, लोक काय म्हणतील.

निकाल लागला तो वहिनींमुळेंच. त्या म्हणाल्या, “भीमानें विराटाघरीं वर्षभर झारा धरला, तेव्हां तो बल्लव झाला म्हणून त्याची गदा कोणी काढून घेतली नाहीं. जाऊं द्या त्याला.” शास्त्राधार म्हणून हा कितपत टिकेल याविषयीं मला शंका आहे, कारण भीम नाइलाजानें गेला होता आणि हा हौसेनें चालला होता. परंतु त्यानंतर पुतण्या गप्प झाला. प्रवेशाच्या अर्जावर सही करतांना त्याचा हात थोडा थांबला. मीं तें पाहिलें, आणि त्यानेंही मीं पाहिल्याचें पाहिलें.

बाळ आतां रविवारीं त्या निवृत्त फिटरकडे जातो. त्याच्याकडे एक जुनें लेथ आहे. येतांना हात काळे, नखांत तेल. आमच्या सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत त्याच्यासाठीं मोरीजवळ साबणाची निराळी वडी ठेविली आहे. त्या तीन तरुणांपैकीं एकजण मध्यें येऊन गेला. मालिका पुन्हां सुरू करावी असें त्याच्या मनांत आहे, आणि या वेळीं तो प्रथम माझ्याकडे न येतां फिटरकडे गेला, हें योग्यच झालें. यजमान कोण, असें मीं विचारलें, तेव्हां म्हणाला, “दोघेही. एक शिकवील, एक चुकेल.” मी म्हटलें, आमचा मुलगा आतां पूर्वीसारखा चुकत नाहीं. तो म्हणाला, “मग त्याच्या हाताखालीं दुसरा शोधूं.”

गेल्या आठवड्यांत न्हाणीघराचा तोच नळ पुन्हां गळूं लागला. बाळ खालीं बसून पाना लावीत होता, सूनबाई मागें दिवा घेऊन उभी होती. “कशानें गळतोय रे या वेळीं?” असें तिनें विचारलें. तो मान वर न करतां म्हणाला, “काकू, दिवा जरा इकडे धर. उघडूं दे आधीं, मग सांगतों.”